ऑनर्सचा शिक्का आणि जून महिना: भाचीच्या प्रीमेडचं एक प्रकरण

मार्च २०२१ मध्ये ताईचा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की पेढे वाटण्यासारखं काहीतरी घडलंय. भाचीला अमेरिकेत त्यांच्या राज्यातल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन तर मिळालीच होती, वर ऑनर्स प्रोग्रामचंही वेगळं पत्र आलेलं, जाड कागदावर, सोनेरी शिक्का वगैरे. दाजींनी ते पत्र फ्रिजवर लावून फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि मिरजेहून आईचा लगेच व्हॉइस मेसेज, "पोरीला डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी ही चार वर्षांची दुसरी डिग्री कशाला? इथं बारावी झाली की पोरं सरळ एमबीबीएसला जातात." आमच्या मिरजेत दर दुसऱ्या बोळात दवाखाना असतो, त्यामुळे डॉक्टर कसं व्हायचं यात आईचं मत शेवटचं.

आईला समजावून सांगितलं ते इथंही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही (सात-आठ वर्षांचे जोड प्रोग्राम असतात पण त्यांच्या जागा मूठभर). आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. प्रीमेड म्हणजे मेडिकलची पूर्वतयारी, त्या नावाची डिग्री नसते, विषय कुठलाही घ्या, बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री एवढं, बहुतेक लॅबसकट, झालं पाहिजे आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली पाहिजे. आणि ऑनर्स म्हणजे आपल्याकडचं बीएस्सी ऑनर्स नव्हे. इथं ऑनर्स म्हणजे युनिव्हर्सिटीच्या पोटातली एक छोटी युनिव्हर्सिटी, निवडक पोरं, छोटे वर्ग, वेगळं हॉस्टेल, शेवटी बहुतेक ठिकाणी थीसिस. चांगल्या मार्कांनी पास झाल्यावर डिग्रीवर जे कुम लाउडे वगैरे येतं ते आणखी वेगळं, त्याचा या प्रोग्रामशी संबंध असेलच असं नाही. ही गल्लत आमच्या घरात दोन वर्षं चालली.

मी दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीत रजिस्ट्रार ऑफिसात काम करतो. डॉक्टर नाही, ॲडव्हायजर नाही, पण पोरांची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणपत्रकं, दिवसभर डोळ्यासमोरून जातात. म्हणून ताईने विचारलं, "घेऊ दे का रे ऑनर्स? मेडिकलला फायदा होईल ना?" आणि मी, खरं सांगतो, "घेऊ दे की, वाईट काय आहे त्यात" असं म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अर्धवट होतं, का ते पुढे येईलच.

आता तिच्या प्रोग्रामच्या अटी. चार वर्षांत २४ ऑनर्स क्रेडिट, जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.५ च्या वर ठेवायचा, तिसऱ्या वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत थीसिसचं प्रपोजल द्यायचं, चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये थीसिस डिफेंड करायचा. बदल्यात वर्षाला २,००० डॉलर स्कॉलरशिप, कोर्ससाठी नाव नोंदवायला सगळ्यांच्या आधी नंबर, आणि ऑनर्स हॉस्टेल, ज्याचं भाडं साध्या हॉस्टेलपेक्षा ११०० डॉलर जास्त. म्हणजे स्कॉलरशिपची निम्म्याहून जास्त रक्कम हॉस्टेलनेच परत घेतली, पण हे गणित तेव्हा कुणी केलं नाही.

पहिल्याच सेमिस्टरला तिच्या ऑनर्स ॲडव्हायजरने सांगितलं की प्रीमेड आहेस तर ऑनर्स केमिस्ट्री घे, चांगलं दिसतं. पोरीने घेतली. साध्या जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात तीनशे जण, ऑनर्सच्या वर्गात अडतीस, आणि हे अडतीसच्या अडतीस आपापल्या शाळेत पहिले आलेले. तिसऱ्या आठवड्यात श्रोडिंगरचं समीकरण. पहिल्या मिडटर्मला तिला ७१, वर्गाची सरासरी ७४. रात्री साडेअकराला मला फोन, "मामा, मला केमिस्ट्री येत नाही बहुतेक." म्हणलं अगं तुला केमिस्ट्री येते, तू चुकीच्या गर्दीत बसलीयस. साध्या वर्गातली तिची रूममेट तोच मोलॅरिटीचा भाग करत होती आणि तिला ९२ होते.

डिसेंबरचा निकाल: ऑनर्स केमिस्ट्री ४ क्रेडिट, बी. तिची लॅब १ क्रेडिट, ए मायनस. बायोलॉजी ४ क्रेडिट, ए मायनस. कॅल्क्युलस ४ क्रेडिट, बी प्लस. आणि साथीच्या रोगांच्या इतिहासावरचं ऑनर्स सेमिनार ३ क्रेडिट, ए.

इथे मी माझ्या धंद्यातलं काम केलं, म्हणजे हे सगळं ॲमकॅसच्या पद्धतीने मांडलं. ॲमकॅस म्हणजे मेडिकल स्कूलांचा सामायिक अर्ज, टेक्ससच्या सरकारी कॉलेजांचा वेगळा आहे पण बाकी बहुतेकांचा हाच. तुमच्या युनिव्हर्सिटीने जीपीए कितीही लिहू दे, ॲमकॅस सगळे ग्रेड घेऊन आपल्या कोष्टकाने पुन्हा मोजतं. ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०. ए प्लसलाही ४.० च. शाळेत असताना कॉलेजचे कोर्स केले असतील तर तेही धरतात, हे पुष्कळ आईबापांना माहीतच नसतं. आणि दोन आकडे काढतात, एक सगळ्या विषयांचा आणि एक फक्त बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथचा. ऑनर्स कोर्स आहे म्हणून वरचे पॉइंट? शून्य. हायस्कूलमध्ये ऑनर्स आणि एपीला (शाळेतच होणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) वेटेड जीपीएत जादा पॉइंट मिळायचे, ती सवय डोक्यात बसलेली असते, त्यामुळे पोरांना आणि आईबापांना वाटतं की इथेही तसंच असणार. नसतं तसं.

भाचीचे आकडे: १६ क्रेडिटचा एकूण ३.४८, आणि सायन्सच्या १३ क्रेडिटचा ३.३६. मेडिकलला प्रत्यक्ष प्रवेश मिळालेल्यांची सरासरी तेव्हा ३.७५ च्या आसपास आणि एमकॅट ५११-५१२ च्या आसपास. आणि ३.४८ म्हणजे ३.५ च्या खाली, म्हणून जानेवारीत ऑनर्स ऑफिसचाही मेल आला की पुढच्या सेमिस्टरला सुधारणा दिसली नाही तर बाहेर. ज्या कोर्समुळे आकडा पडला तो त्यांच्याच आग्रहाने घेतलेला, आणि ताकीदही त्यांचीच.

मी ताईला एक्सेल पाठवली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, म्हणजे समजा ९० क्रेडिटला, ३.७५ हवा असेल तर उरलेल्या ७४ क्रेडिटमध्ये ३.८१ काढावा लागेल. शक्य आहे, पण मग आणखी दोन बी परवडत नाहीत, आणि ऑर्गॅनिक अजून यायचीय. ताईने फक्त "हं" असं लिहिलं. दाजींनी तीन दिवस उत्तरच दिलं नाही.

यानंतर पोरीने जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि ते तिचं तिनंच केलं. ऑनर्स सोडलं नाही, ऑनर्समधलं सायन्स सोडलं. केमिस्ट्रीचा दुसरा भाग साध्या वर्गात, ऑर्गॅनिक साध्या वर्गात, फिजिक्स साध्या वर्गात. ऑनर्सची क्रेडिट भरली ती सेमिनारमधून, एथिक्समधून, आणि ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट नावाचा प्रकार असतो त्यातून, म्हणजे साध्याच कोर्समध्ये प्रोफेसरशी ठरवून एक जादा पेपर लिहायचा की तो कोर्स ऑनर्समध्ये धरतात. आणि कोर्सला आधी नंबर लागायचा त्याचा पुरेपूर वापर. हा फायदा लोक हसण्यावारी नेतात पण मी रजिस्ट्रारच्या बाजूने बघतो, ऑर्गॅनिक लॅबची मंगळवार सकाळची तुकडी नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत भरते आणि मग उरते ती शुक्रवारची संध्याकाळची, जिच्यामुळे हॉस्पिटलातली व्हॉलंटिअरची शिफ्ट बोंबलते. भाचीला दर सेमिस्टरला हवी ती वेळ मिळाली, म्हणून तिची हॉस्पिटलची गुरुवारची शिफ्ट अडीच वर्षं अखंड चालली. अर्जात अशी सलग शिफ्ट वेगळीच दिसते.

दुसरा फायदा सेमिनारचा. पंधरा जण, गोल टेबल, १९१८ च्या फ्लूवरून भांडणं. त्या प्रोफेसर बाईंना ही पोरगी नावानिशी माहीत, तिने वर्गात कधी कुठला मुद्दा मागे घेतला हेही माहीत. पुष्कळ मेडिकल स्कूलांना दोन सायन्सच्या शिक्षकांची आणि एक सायन्सबाहेरच्या शिक्षकाची अशी शिफारसपत्रं लागतात, आणि तीनशेच्या वर्गातला केमिस्ट्रीचा प्रोफेसर फार तर एवढं लिहील की हिला ए मिळाला. सायन्सबाहेरचं पत्र तिचं पहिल्याच वर्षी पक्कं झालं होतं, फक्त ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

तिसरा, आणि माझ्या मते खरा फायदा, लॅब. ऑनर्स ऑफिसकडे प्रोफेसरांची यादी असते जे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना घेतात. तिला झेब्राफिशची लॅब मिळाली. सुरुवातीला काम काय, तर शनिवारी सकाळी सातला जाऊन माशांना खायला घालायचं. एकदा मी तिकडे गेलो होतो तेव्हा सोबत घेऊन गेली. खोलीभर शेल्फांवर प्लॅस्टिकच्या टाक्या, दमट हवा, पाण्याची संथ घरघर, आणि ही पिपेटने बारकी जिवंत कोळंबीची पिल्लं एकेका टाकीत सोडतेय, दोनशेच्या वर टाक्या. मग मायक्रोस्कोपखाली एक दिवसाचा गर्भ दाखवला, काचेसारखा आरपार, आत हृदय नुकतं धडधडायला लागलेलं, नुसत्या नळीसारखं. म्हणाली, "मामा, हे बघितल्यावर मला केमिस्ट्रीचा बी आठवत नाही." मला आठवत होता, पण मी गप्प बसलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकूण ३.६८, तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात ३.७२. गाडी रुळावर. आणि मग आला जानेवारी २०२४.

सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे आणि ॲडमिशनच्या वेळी ती आम्हाला कुणी सांगितली नाही, माझ्याही लक्षात आली नाही, आणि मला यायला हवी होती. सरळ चार वर्षांनंतर मेडिकलला जायचं असेल तर अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी करायचा असतो. ॲमकॅस मे महिन्यात उघडतं, मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतं, आणि जागा जसजशा मुलाखती होतील तशा भरत जातात म्हणून जूनमध्येच टाकायचा. मुलाखती ऑगस्टपासून. आणि थीसिस? चौथ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये. ऑनर्सचं मेडल मेमध्ये. म्हणजे अर्ज वाचणाऱ्याच्या हातात जेव्हा कागद जातो तेव्हा ऑनर्स पूर्ण झालेलंच नसतं, आणि पूर्ण होतं तेव्हा बहुतेक निर्णय झालेले असतात. पहिल्या सेमिस्टरचा बी मात्र जूनच्या अर्जात हजर. म्हणजे किंमत आधी वसूल आणि माल निकाल लागल्यावर पोचणार. थीसिस चालू आहे असं अर्जात लिहिता येतं, पुढे होणारे तासही टाकता येतात, पण लॅबमध्ये काम करतेय हे तर थीसिसशिवायही लिहिता येतं.

त्या सेमिस्टरला तिच्यापुढे होतं काय काय: १ फेब्रुवारीला प्रपोजल, बायोकेमिस्ट्री, फिजिक्सचा दुसरा भाग, एप्रिलमध्ये एमकॅट (साडेसात तासांची बसणी, ४७२ ते ५२८ मधला स्कोअर), मेमध्ये ५,३०० अक्षरांचं निवेदन आणि पंधरा ॲक्टिव्हिटींचं वर्णन, प्रत्येकी ७०० अक्षरांत. आणि जुलैत एकेका कॉलेजचे स्वतंत्र, म्हणजे सेकंडरी, निबंध येतील तेव्हाच थीसिसचा उन्हाळी डेटा गोळा करायचा.

दोन रस्ते होते. एक, ऑनर्स पूर्ण करायचं आणि एक वर्ष थांबून अर्ज करायचा. आता मेडिकलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जण कॉलेजनंतर किमान एक वर्ष थांबलेले असतात, त्यामुळे यात कमीपणा काहीच नाही, पण हे दाजींच्या गळी उतरेना. "एक वर्ष वाया" हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडून जातच नाही. दुसरा रस्ता, ऑनर्स सोडायचं, लॅब ठेवायची.

ज्या रविवारी यावर बोलणं झालं तेव्हा फोनवर सगळेच होते. दाजी म्हणाले, अडीच वर्षं केलं आणि आता शेवटी सोडायचं, मेडिकलवाले विचारणार नाहीत का, हिने अर्धवट का टाकलं? ताईचं म्हणणं पैशाचं, तीन सेमिस्टरचे ३,००० डॉलर जातील. भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बाबा, मला मासे हवेत, थीसिस नकोय. प्रपोजल लिहायला जो महिना जाईल तो मला एमकॅटला पाहिजे." मी एवढंच विचारलं की सोडलंस तर कोर्स नोंदणीचा नंबर जाईल, त्याचं काय? तर तिने आधीच बघून ठेवलेलं, चौथ्या वर्षाच्या पोरांचा नंबर तसाही लवकर लागतो. आणि हॉस्टेल तर तिने दुसऱ्या वर्षीच सोडलेलं. म्हणजे ऑनर्समधून जे उपयोगाचं होतं ते तोवर तिच्या पदरात पडलं होतं, उरला होता फक्त खर्च.

जानेवारीच्या शेवटी एक पानी फॉर्म भरून बाहेर पडली. लॅबच्या सरांनी विचारलं, शनिवारी येणार ना? येणार म्हणाली, विषय संपला.

पुढचं पटकन सांगतो. एमकॅट ५१४. अर्जाच्या वेळी एकूण ३.७६, सायन्स ३.६९. बावीस कॉलेजं, सहा मुलाखती, दोन ठिकाणी होकार, एका ठिकाणी वेटलिस्ट. आता ती आपल्याच राज्यातल्या मेडिकल स्कूलमध्ये आहे. सहा मुलाखतींत ऑनर्सबद्दल किती जणांनी विचारलं? एकानेही नाही. माशांबद्दल चौघांनी विचारलं. पहिल्या सेमिस्टरच्या केमिस्ट्रीबद्दल एकीने विचारलं, आणि गंमत म्हणजे त्या बाईंना कोर्सच्या नावातलं ऑनर्स दिसलं होतं, "अवघड वर्ग घेतला होतास" असं म्हणाल्या. म्हणजे मान मिळाला, पण तो मुलाखतीच्या खोलीत पोचल्यावर. त्या खोलीपर्यंत आकड्यांनीच जावं लागतं.

आता उलट बाजूही सांगतो नाहीतर दाजी मला सोडणार नाहीत. तिच्याच बॅचची एक मैत्रीण ऑनर्समध्ये शेवटपर्यंत राहिली, थीसिस केला, पदवी झाल्यावर अर्ज टाकला आणि थांबण्याच्या त्या वर्षात त्याच लॅबमध्ये पगारी काम केलं. तिच्या अर्जात थीसिस पुरा होता, मेडल होतं, सरांनी थीसिसवरच दीड पान पत्र लिहिलं होतं. तिलाही ॲडमिशन मिळाली, भाचीपेक्षा संशोधनात नावाजलेल्या ठिकाणी. तिला तो प्रोग्राम फळला, कारण तिच्या अर्जाचा जून एक वर्ष पुढे होता. त्यामुळे ऑनर्स घ्यावं की नाही असा कुणी मला नुसता प्रश्न विचारला तर मी आता आधी उलट विचारतो, अर्ज कुठल्या जूनमध्ये टाकणार आहेस?

आणि ऑनर्स म्हणजे सगळीकडे एकच चीज नाही हेही आहे. न्यूयॉर्कच्या क्यूनीमध्ये (तिथली सरकारी सिटी युनिव्हर्सिटी) मॅकॉले ऑनर्स कॉलेज आहे, तिथं न्यूयॉर्क राज्यातल्या पोरांची पूर्ण ट्यूशन माफ असते. मेडिकल संपेपर्यंत डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज होणं इथं नेहमीचं, मग पहिली चार वर्षं फुकट होत असतील तर मी श्रोडिंगरसकट घ्या म्हणेन. पेन स्टेटच्या श्रायरमध्ये थीसिस सक्तीचा आहे. ऑस्टिनला, टेक्सस युनिव्हर्सिटीत, प्लॅन टू ऑनर्स म्हणून आहे, १९३५ पासूनचं, तिथं तर तो स्वतःच एक मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, आहे, प्रीमेड पोरं तेच घेऊन बाजूला सायन्सचे कोर्स करतात. ॲरिझोना स्टेटच्या बॅरेटमध्ये ऑनर्सची वेगळी फी भरावी लागते. सोनेरी शिक्का सगळ्यांच्याच पत्रावर असतो, अटी मात्र आतल्या तिसऱ्या-चौथ्या पानावर, आणि आमच्या घरात ते पान फ्रिजवर लावलेल्या पत्राच्या मागेच राहिलं.

मे २०२५ मध्ये पदवीदान झालं. ऑनर्सवाल्यांच्या गळ्यात निळ्या रिबिनीचं मेडल, दाजी कॅमेऱ्यातून बराच वेळ ते बघत होते. आईने मिरजेहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "झाली का डॉक्टर?" म्हणलं, नाही आई, आता सुरू होईल. "अजून?" म्हणाली आणि फोन ठेवला.

गेल्या महिन्यात धाकट्या भाच्याला तसंच पत्र आलं, तीच युनिव्हर्सिटी, तोच जाड कागद. ताईने या वेळी पत्राचा फोटो न टाकता चौथं पान स्कॅन करून मला पाठवलं. त्याला इंजिनीअरिंगला जायचंय, त्यामुळे सगळा हिशोब पुन्हा पहिल्यापासून.